नादाचा नंदादीप : संगीताच्या विद्यार्थिनीचा नवरात्रातील एक दिवस

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसतात, देवीला पहिली माळ चढते, नंदादीप तेवू लागतो आणि आदिशक्तीच्या उपासनेचे नऊ दिवस सुरू होतात. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशी जगदंबेची तीन रूपे आपल्या परंपरेने मानलेली आहेत. पैकी महालक्ष्मीच्या या करवीर क्षेत्री आम्ही गेली चाळीस वर्षे कीर्तनसेवा करीत आलो आहोत. परंतु आज लिहावयाचे आहे ते महासरस्वतीविषयी. नवरात्राच्या उत्तरार्धात मूळ नक्षत्रावर तिचे आवाहन, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन, उत्तराषाढा नक्षत्रावर बलिदान आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन असा शास्त्राचा क्रम आहे. घरोघरी पाटीवर सरस्वती रेखाटली जाते, पोथ्या-पुस्तके मांडली जातात, त्यांवर हळदकुंकू आणि फूल वाहिले जाते.

या देवतेच्या एका हाती पुस्तक आहे आणि दुसऱ्या दोन हातांत वीणा आहे, हे आपण सारेच जाणतो. तथापि आपल्या संसारात आपण तिचे पुस्तक मनापासून स्वीकारले, वीणा मात्र तसबिरीतच राहू दिली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. मूल पुस्तक घेऊन बसले की घर दबक्या पावलांनी वावरू लागते, तेच मूल तंबोरा घेऊन बसले की घटकाभरात कोणीतरी म्हणते, "आता पुरे कर." ही तफावत कशाने पडते आणि तिचा भार कोण वाहते, हे कळावे म्हणून एका विद्यार्थिनीचा एक दिवस आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही मुलगी महाविद्यालयात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला संगीत हा विषय घेऊन शिकते. गाव पंचगंगेकाठचे, वडील ऊस लावणारे शेतकरी. शहरात आत्याच्या घरी राहते आणि गेली दोन वर्षे आमच्या कीर्तनाला पेटीची साथ करते. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशा मुली आणि असे मुलगे आपल्या प्रत्येक गावी आहेत. वर्णन गतवर्षीच्या नवरात्रातील चतुर्थीच्या दिवसाचे आहे. त्यातील काही आम्ही डोळ्यांनी पाहिले, काही तिच्याकडून विचारून घेतले.

पहाटेचा खर्ज

सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटे आधी ब्राह्ममुहूर्त लागतो आणि तो एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे टिकतो. आश्विनात आपल्याकडे ही वेळ पहाटे पाचच्या सुमाराची. त्या वेळी ही मुलगी मागील दाराच्या पडवीत घोंगडी अंथरून बसते. माजघरात आत्याचे यजमान झोपलेले असतात, त्यांची रात्रपाळी असते. म्हणून दार लोटून घ्यायचे आणि आवाज खालीच ठेवायचा.

आवाज खाली ठेवणे हेच त्या वेळचे काम असते, हे तिचे भाग्य. पहाटेची मेहनत खर्जाची. मंद्र सप्तकातील षड्जाकडे एकेक स्वर उतरत जायचे आणि श्वास पुरेल तोवर त्या स्वरावर स्थिर राहायचे. तान नाही, मुरकी नाही, शब्दही नाही, केवळ आकार. षड्ज या शब्दाची व्युत्पत्ती शास्त्रकारांनी दोन प्रकारे दिली आहे. नासिका, कंठ, ऊर, तालू, जिव्हा आणि दंत या सहा स्थानांच्या योगे जन्मतो तो षड्ज. आणि पुढील सहा स्वरांना जो जन्म देतो तोही षड्ज. मूळ स्वर डळमळला तर पुढील सहा स्वर कशावर उभे राहणार? घराचा पाया भरावा तसे हे काम आहे, आणि पायाप्रमाणेच ते कोणाला दिसत नाही.

तंबोरा तिच्याजवळ नाही. मोबाइलवर वाजणारा तंबोरा कानाशी ठेवून ती गाते. महाविद्यालयात मात्र मिरजेचा तंबोरा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकतात. ज्या भीमेच्या काठी नामाचा गजर चालतो तिच्याच परिसरातील भोपळ्यात षड्ज घुमावा, हा योग आम्हा वारकऱ्यांच्या सेवकांना फार गोड वाटतो. यंत्रातील तंबोरा सुरात असतो, यात शंका नाही; पण तो लावावा लागत नाही. खुंटी पिळणे, मणी सरकवणे, घोडीवरील तारेखाली जवारीचा दोरा किंचित पुढेमागे करणे आणि तार बोलू लागली की थांबणे, हे कानाचे पहिले शिक्षण आहे. ते तिला दिवसातून एकदाच, महाविद्यालयात मिळते.

त्या दिवशी सहाच्या सुमारास कोपऱ्यावरील मंडपातून कर्णा सुरू झाला. देवीच्या नावाने लावलेले ते गाणे इतके मोठे होते की कानाशी धरलेला तंबोरा ऐकू येईना. मुलीने मोबाइल बंद केला आणि चुलीपाशी आत्याला मदत करायला गेली. देवीच्या उत्सवाने देवीचीच उपासना बंद पाडावी, यावर मंडळांच्या चालकांनी क्षणभर विचार करावा, एवढेच आमचे सांगणे.

पाटीवरचे स्वर

साडेनऊच्या केएमटी बसने ती महाविद्यालयात जाते. पहिला तास शास्त्राचा. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीस, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने सिद्ध झाला. गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हणावे, ही त्यातील व्याख्या आजही पहिल्या धड्यात शिकवतात. बावीस श्रुती, त्यांवर सात स्वरांची मांडणी, मग बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी असे दहा थाट. फळ्यावर स्वरलिपी लिहिली जाते : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, समेला फुली आणि कालीला शून्य.

ही लिपी पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी गोकुळाष्टमीस झाला आणि देहावसान १९ सप्टेंबर १९३६ रोजी गणेशचतुर्थीस. घराण्याघराण्यांत विखुरलेल्या आणि कंठोकंठीच जपलेल्या चिजा त्यांनी हिंडून, विनवण्या करून मिळवल्या, लिहिल्या आणि छापल्या. एरवी आज आमच्या गावची शेतकऱ्याची मुलगी त्या चिजा पाहू तरी शकली असती काय?

दुसरा तास प्रत्यक्ष गायनाचा. विलंबित एकतालात बडा ख्याल, नंतर द्रुत त्रितालात छोटा. हातावर ताल देऊन दुगून, चौगून बोलून दाखवायची. त्रिताल सोळा मात्रांचा. नवव्या मात्रेला काल, पहिलीला सम. त्या दिवशी एका मुलाची सम तीन वेळा चुकली. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी गाणे थांबवले, तबल्याचा नुसता ठेका चालू ठेवला आणि वर्गाला डोळे मिटून ऐकायला लावले. मिनिटाभराने तो मुलगा आपण होऊन समेवर आला.

तथापि तास पन्नास मिनिटांचा असतो. बारा विद्यार्थी, एक तंबोरा, एक तबला. भैरवाचा आंदोलित कोमल ऋषभ कुठे लागतो हे एकेकाच्या गळ्यातून काढून घेईपर्यंत घंटा होते. महाविद्यालय अभ्यासक्रम देते, ग्रंथ देते, परीक्षा घेते, गुरूचे दार सर्वांना उघडून देते. त्याला एकच गोष्ट देता येत नाही : वेळ. तो विद्यार्थ्याने घरून आणावयाचा असतो. म्हणूनच या विद्येत घराचा वाटा अन्य कोणत्याही विद्येहून मोठा आहे.

कीर्तनकाराचा मुलगा

संगीताचे सार्वजनिक विद्यालय ही कल्पना परक्यांकडून आली असे कित्येकांना वाटते. वाचकहो, ज्या महापुरुषाने ती आपल्या देशात रुजवली तो आपल्या कृष्णाकाठचा आणि एका कीर्तनकाराचा पुत्र होता. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. नृसिंहवाडीच्या दत्तप्रभूंच्या शेजारचे हे गाव. बालपणी शोभेच्या दारूने डोळ्यांस इजा झाली आणि नेहमीचे शिक्षण खुंटले. तेव्हा मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी ते गायन शिकू लागले. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजाच्या पदरी नव्हे, तर समाजाच्या वर्गणीवर आणि मदतीवर चालणारी ही शाळा होती. गाणे हे चारचौघांच्या घरात मानाने शिरावे, यासाठी त्यांनी देह झिजवला. रामनामाचा आधार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निर्वाण झाले.

आमच्या करवीराचे भाग्यही थोर. १८८३ साली येथे देवल क्लब स्थापन झाला. राजर्षी शाहू छत्रपतींच्या दरबारी गानसम्राट अल्लादियाखाँसाहेब होते. त्यांची हकिकत प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. ऐन उमेदीत अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे योद्ध्याचा हात तुटणे होय. परंतु त्यांनी उरलेल्या आवाजाची घडण ओळखली, त्याला साजेल अशी गायकी मेहनतीने उभी केली, आणि तीच आज जयपूर घराण्याची गायकी म्हणून देशभर वंदिली जाते. आमच्या विद्यार्थिनीने ही हकिकत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

दुपारची शिकवणी, संध्याकाळचा यमन

दुपारी दोनला डबा खाऊन ती दोन घरी शिकवणीला जाते. एका घरी सात वर्षांचा मुलगा, दुसऱ्या घरी दोन बहिणी. सारेगम, रेगमप असे अलंकार पेटीवर बसवून घ्यायचे. त्या पैशांतून बसचे भाडे, वह्या आणि परीक्षेची फी भागते. त्या दिवशी एका घरी गृहिणी म्हणाल्या, "नवरात्रात पाहुणे आहेत, आठवडाभर येऊ नका." त्या आठवड्याचे पैसे अर्थातच गेले. त्याच दिवाणखान्यात सरस्वतीची तसबीर होती आणि तिला ताजा झेंडूचा हार होता.

संध्याकाळी दिवेलागणीला अर्धा तास यमन. रागांना प्रहर नेमून देण्यात आपल्या पूर्वजांची मोठी दृष्टी दिसते. पहाटे भैरव, दुपारी सारंग, मावळतीला मारवा, दिवा लागला की यमन, रात्र चढली की मालकंस. देवळातही काकडआरती, महापूजा, धूपारती, शेजारती असे देवाचे प्रहर आहेत. दोन्ही वेळापत्रके एकाच मुशीतून निघालेली आहेत. ज्याचा दिवस रागांच्या प्रहरांनी बांधलेला आहे, तो माळ हाती न घेताही जपच करीत असतो. वीणावादनाचे मर्म, श्रुती, जाती आणि ताल जाणणारा अनायासे मोक्षमार्गास लागतो, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा अभिप्राय आहे तो याच अर्थाने आम्ही घेतो.

नारदाचे गर्वहरण

रात्री साडेआठला आमचे कीर्तन होते. मंडप भरला होता. आमची पट्टी काळी एक, तिच्या गळ्याची काळी चार. पण साथीला बसले की आपला गळा विसरायचा असतो. पूर्वरंग झाला, मध्यंतरी नामाचा गजर झाला आणि उत्तररंगास आम्ही नारदाच्या गर्वहरणाचे आख्यान लावले. कथा अद्भुतरामायणातील आहे.

तुंबरूच्या गायनाचा वैकुंठात गौरव झाला आणि नारदांच्या मनात असूया उत्पन्न झाली. त्यांनी गानबंधु नामक उलूकापाशी दीर्घकाळ गायन शिकून घेतले आणि तुंबरूला जिंकावयाचे म्हणून त्याच्या घरी गेले. तेथे पाहतात तो कोणाचा हात तुटलेला, कोणाचा पाय मोडलेला, असे विकलांग स्त्रीपुरुष दिसले. नारदांनी विचारले, "आपण कोण?" उत्तर आले, "आम्ही राग आणि रागिणी. नारद म्हणून एक मुनी आहेत. ते गातात आणि आमचे अवयव मोडतात. तुंबरू गातो तेव्हा आम्ही पुन्हा धड होतो." नारदांची मान खाली गेली. पुढे कृष्णावतारात ते द्वारकेस गेले आणि जांबवती, सत्यभामा व रुक्मिणी यांच्याकडून, अखेर साक्षात भगवंतांकडून गान शिकले, तेव्हा कुठे त्यांची विद्या पूर्ण झाली.

या कथेत दोन गोष्टी आहेत. एक अशी की, शिकून झाले असे वाटणे आणि शिकणे होणे यांत अंतर असते. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या गळ्यातूनही रागाचा पाय मोडू शकतो. दुसरी अशी की, महती वीणा धारण करणाऱ्या देवर्षींनाही स्त्रियांच्या चरणाशी बसून गाणे शिकावे लागले. हे सांगताना आम्ही पेटीकडे पाहिले. मुलगी मान खाली घालून भाता ओढीत होती. मंडपातील आयाबायांच्या नजरा मात्र तिच्याकडे वळल्या होत्या.

श्रीफळ आणि बिदागी

कीर्तन संपले, आरती झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी आम्हाला शाल, श्रीफळ आणि बिदागीचे पाकीट दिले. तबलजीला आणि पेटीवाल्या मुलीला एकेक नारळ आणि गुलाबाचे फूल. यात त्या मंडळाचा दुष्ट हेतू मुळीच नव्हता. सर्वत्र तसेच चालते. कारण विचारले तर म्हणतात, "विद्यार्थी आहेत, देवीची सेवा आहे." सेवा खरीच. पण मंडपवाल्याला, विजेच्या रोषणाईवाल्याला आणि कर्ण्यावाल्याला आपण असे सांगत नाही. नारळाने पेटीच्या सुरांची दुरुस्ती होत नाही आणि फुलाने तबल्याला पुडी चढत नाही.

जुन्या कीर्तनकारांत बिदागीतून साथीदारांचा वाटा जागीच काढून देण्याची रीत होती. आमच्या गुरुजींनी ती पाळली आणि आम्हीही पाळतो. त्या रात्री पाकीट तेथेच उघडून वाटे केले. मुलीचे वडील ऊस तोडणीच्या गडबडीपूर्वी देवीच्या दर्शनाला म्हणून गावाहून आले होते, ते मागे उभे राहून पाहत होते. सभामंडप रिकामा झाल्यावर पुढे आले, पायाला हात लावून म्हणाले, "बुवा, एक विचारू का? यात पोट भरतं का?"

आम्ही खोटे सांगितले नाही. म्हणालो, "नुसत्या मैफलीवर भरेल असे सांगवत नाही. शिकवणी, साथ, शाळेतील नोकरी असे चार ठिकाणचे जोडावे लागते. तिला पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि अध्यापनाची पदवी घेऊ द्या. आणि घरी आली की पहाटेचा एक तास तिला मोकळा द्या. धार काढायला तेवढा वेळ दुसरे कोणी जाऊ दे."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलीकडे न पाहता त्यांनी विचारले, "रोज उठती पहाटे?"

"उठते," आम्ही म्हणालो. "तिच्या आत्याबाईंना विचारा."

"मग बघू," ते म्हणाले. शेतकरी माणसाचे 'बघू' म्हणजे नकार नव्हे, एवढे आम्हाला ठाऊक आहे. ते होकारही नव्हे, हेही ठाऊक आहे. यंदा ती पदवीनंतर पुढच्या वर्गात बसली आहे. त्यापुढचे अजून ठरलेले नाही.

त्या रात्री घरी पोहोचल्यावर तिने अर्धा तास सकाळची चीज स्वरलिपीत उतरवून काढली आणि मग ती झोपली. साडेअकरा झाले होते. पाचला पुन्हा पडवी.

गृहस्थाश्रमाचे कर्तव्य

घटातील धान्य नऊ दिवसांत वाढते. ते वाढावे म्हणून आपण काय करतो? माती घालतो, बेताचे पाणी देतो आणि त्याला कोणी धक्का लावू नये म्हणून पाट जपतो. धान्याला ओढून वर काढीत नाही. विद्येचेही असेच आहे. ज्या घरात मूल गाणे, तबला, सतार किंवा बासरी शिकते, त्या घराने फार काही करावयास नको. पहाटेचा एक तास आणि घराचा एक कोपरा त्याच्या नावे करून द्यावा. दूरदर्शन संचाचा आवाज त्या वेळी बंद ठेवावा. "हे कशासाठी?" असा प्रश्न वर्षातून एकदा विचारावा, रोज विचारू नये. शेजाऱ्यांनी तक्रार करण्यापूर्वी चार दिवस ऐकून पाहावे. पाचव्या दिवशी कदाचित तोच स्वर त्यांना जागे करील. आणि उत्सवाच्या चालकांनी अंदाजपत्रकात साथीदारांच्या मानधनाची एक ओळ घालावी. रोषणाईच्या शंभर दिव्यांतील दोन दिवे कमी केले तरी ती निघते.

सरस्वतीच्या पूजनाच्या दिवशी पोथ्यांशेजारी घरातील वाद्यही मांडावे. पेटी असेल तर पेटी, तबला असेल तर तबला, टाळ असतील तर टाळ. काहीच नसेल तर गाणाऱ्या मुलाला पाटावर बसवून त्याच्या कपाळी कुंकू लावावे, कारण त्याचा कंठ हेच देवीचे वाद्य आहे. नंदादीपाला अहोरात्र तेल लागते आणि ते घरचाच माणूस घालतो. नादाच्या नंदादीपाचेही तेल घरचेच असते. ते कमी पडू नये, अशी बुद्धी करवीरनिवासिनी जगदंबा आपणा सर्वांस देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.